निळ्या वर्तुळातला मोह

आमच्या शेताच्या कोपऱ्यावर मोहाचं एक झाड आहे. गेल्या मार्चपर्यंत ते एकाच जागी होतं. मग त्याच्याभोवती तीन स्मार्टफोन जमले आणि झाड फिरायला लागलं.

माझ्या फोनवर ते माझ्या शेतात दिसायचं. शेजारच्या पटेलच्या मुलाच्या फोनवर ते पटेलच्या शेतात. बीटगार्डच्या फोनवर ते राखीव जंगलात, बांधापासून चांगली दहा पावलं आत. तिन्ही फोन खोटं बोलत नव्हते, हे मला नंतर समजलं. पण त्या दिवशी आम्ही तिघं झाडाला पाठ टेकून उभे होतो आणि झाड कुठे आहे यावर भांडत होतो.

पटेल हे गुजरातेतले नव्हेत. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात गोंड-कोलामांच्या गुड्याच्या मुखियाला पटेल म्हणतात. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, म्हणजे तेलंगणात. पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. इथला माणूस घरात मराठी बोलतो, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी, आणि बैलाशी कोणत्या भाषेत बोलायचं ते बैल कुणाकडून घेतला यावर ठरतं. अशा ठिकाणी एका झाडाला तीन पत्ते असले तर त्यात नवल नाही. आम्हा प्रत्येकालाच दोन-तीन आहेत.

मी मराठी शाळेतला निवृत्त मास्तर. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी मोजत राहावं लागतं. बरेच जण रक्तदाब मोजतात. मी जंगल मोजायला घेतलं. त्याचं कारण माझा पुण्याचा भाचा. दिवाळीला आला, माझा आठ हजारांचा फोन हातात घेतला आणि म्हणाला, "मामा, यात एवढं सगळं आहे आणि तुम्ही फक्त सुप्रभातची फुलं पाठवता?" मग त्याने एक ॲप घातलं चाललेली वाट काढणारं, एक शेताचं क्षेत्र सांगणारं, आणि एक फोटोवर अक्षांश-रेखांशाचा शिक्का मारणारं. भाचा परत गेला आणि मी गावचा भूमापक झालो.

पहिली शंका पटेलने काढली. "गुरुजी, इतं टावर नाही. फोन लागत नाही. मंग याले कसं कळते आपुन कुठी हावो?"

रास्त प्रश्न. मी फळ्यापुढे उभा राहिल्यासारखा सरसावलो. म्हटलं, पटेल, वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरतात. ते सतत वेळ सांगत असतात. फोन निदान चौघांचं ऐकतो, कुणाचा आवाज किती उशिरा पोचला ते बघतो आणि त्यावरून आपली जागा काढतो. फोन वर काहीच बोलत नाही, नुसता ऐकतो. म्हणून टॉवर लागत नाही.

आमची ही शेजारीच उभी होती. तिला हे ताबडतोब पटलं. कारण आमच्या घरात चाळीस वर्षं हीच पद्धत आहे. आवाज तिकडून येतो, मी ऐकतो आणि आपली जागा ओळखतो.

टॉवर लागतो तो नकाशाचं चित्र उतरवायला. जागा आकाशातून येते, चित्र मात्र इंटरनेटवरून. त्यामुळे जंगलात जाऊन नकाशा उघडला की कोऱ्या करड्या पडद्यावर आपण एकटेच निळा ठिपका होऊन उभे. यावर उपाय सोपा आहे. शेतावर जाताना डबा घरून नेतो, तसा नकाशाही घरून उतरवून न्यायचा. मी हे दुसऱ्या दिवशी शिकलो. पहिल्या दिवशी डबा विसरलो नव्हतो एवढंच.

होकायंत्राची गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. फोनमधलं होकायंत्र बिघडलं की ते म्हणतं, फोन हातात धरून हवेत आठचा आकडा काढा. मी काढला. एकदा, दोनदा, दहादा काढला. उत्तर दिशा काही जागेवर येईना. मी आयुष्यभर पोरांना ८ गिरवायला लावलेला मास्तर. माझा आठ म्हणजे मराठी ८, एका बाजूला उघडा. फोनला हवा होता इंग्रजी आठ, दोन वेटोळ्यांचा, बंद. सागाच्या रोपवनात, भर दुपारी, मी फोन हवेत ओवाळतोय हे पटेल मोहाखाली बसून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "गुरुजी, फोनची दृष्ट काढून राह्यले का?"

मग मी माझी सागाची पट्टी मोजली. सातबाऱ्यासारखा जो काही कागद आमच्याकडे असतो त्यावर ती अडीच एकर आहे, म्हणजे दोन एकर वीस गुंठे. फोन घेऊन बांधावरून सकाळी फेरी मारली. दोन एकर सव्वीस गुंठे भरली. दुपारी मारली, दोन एकर अकरा. संध्याकाळी मारली, दोन एकर तेहतीस. घरी येऊन हिला आकडे दाखवले. ती म्हणाली, "अहो, विकायची झाली तर संध्याकाळी विकू या."

मला वाटलं फोन बिघडला. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं ना? ते बघा." मी आजवर ते शोभेचं समजत होतो. ते वर्तुळ म्हणजे फोनची कबुली असते. फोन म्हणत असतो, मी बहुतेक या वर्तुळात कुठेतरी आहे. नेमका कुठे, ते मला विचारू नका. मोकळ्या मैदानात ते चार-पाच मीटरचं असतं. झाडीत उपग्रहाचा आवाज पानांत अडतो, खोडांवर आपटून उशिरा येतो, फोनला वाटतं उपग्रह लांब गेला, आणि वर्तुळ फुगत पंधरा मीटरवर जातं.

त्यात आमचं जंगल सागाचं. सागाचं पान म्हणजे जेवणाची पत्रावळ. पावसाळ्यात डोक्यावर ओल्या पत्रावळ्यांचं छप्पर होतं आणि फोन चाचपडायला लागतो. उन्हाळ्यात साग उघडाबोडका होतो, आकाश स्वच्छ दिसतं, वर्तुळ आवळतं. पण तेव्हा आदिलाबादचं ऊन चव्वेचाळीसच्या पुढे असतं. फोन तापतो, 'मला थंड होऊ द्या' असं म्हणून डोळे मिटून घेतो. म्हणजे दिसत असतं तेव्हा फोन झोपतो, आणि जागा असतो तेव्हा त्याला दिसत नाही.

पण मला त्या निळ्या वर्तुळाबद्दल आदर वाटायला लागला. चाळीस वर्षं नोकरी केली. मुख्याध्यापक पाहिले, तपासनीस पाहिले, दोन राज्यांचे पुढारी पाहिले. 'माझी पंधरा मीटरची चूक असू शकते' असं आपणहून सांगणारा एकही भेटला नाही. आठ हजारांच्या फोनने ते पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

पंधरा मीटर म्हणजे फार नाही असं कुणाला वाटेल. ते पुण्या-मुंबईला. जेवणाची ऑर्डर पंधरा मीटरवर आली तर माणूस गॅलरीतून हाक मारतो. इथे शंभर मीटर लांबीचा बांध पंधरा मीटर सरकला की दीड हजार चौरस मीटर, म्हणजे झाले जवळपास पंधरा गुंठे. पंधरा गुंठ्यांसाठी आमच्याकडे भाऊ भावाच्या लग्नाला गेलेले नाहीत.

तरी आम्ही नशीबवान. याच कामासाठी दोनशे वर्षांपूर्वी विल्यम लॅम्टन नावाचा गोरा अर्ध्या टनाचं थिओडोलाइट घेऊन हिंडत होता. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरुवात केली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत देश मोजत उत्तरेकडे निघाला. तंजावरच्या देवळावर ते यंत्र चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. पठ्ठ्या सहा आठवडे तंबूत बसला आणि ठोकून ठोकून त्याने ते सरळ केलं. माझा फोन नाल्यात पडला तेव्हा मी तो तांदळाच्या डब्यात ठेवला आणि दोन दिवस कपाळाला हात लावून बसलो. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना १८२३ च्या जानेवारीत लॅम्टन वाटेतच वारला, हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. आमच्या गावाजवळून जाणाऱ्या ४४ नंबरच्या हमरस्त्याने उत्तरेला जा, पांढरकवडा ओलांडा, पुढे हिंगणघाट. मी लग्नाकार्याला त्या वाटेने अनेकदा गेलो. तेव्हा माहीत नव्हतं. आता गेलो तर फोन उघडून दाखवणार आहे त्याला. म्हणणार आहे, साहेब, ह्याचं वजन पावशेर, पण झाड अजून सापडत नाही.

आणखी एक गोष्ट भाच्याने सांगितली. हे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. २ मे २००० पर्यंत त्यांच्या सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, शंभर मीटरपर्यंतची. त्या दिवशी ती भेसळ बंद केली आणि जगभरातली घरं, विहिरी, देवळं एका रात्रीत आपापल्या जागेवर आली. इस्रोनेही पुढे आपले स्वतःचे उपग्रह सोडले, नाविक नावाचे, आणि हल्लीचे बरेच फोन त्यांचंही ऐकतात. म्हणजे अमेरिकेने चूक काढून घेतली, भारताने मदतीला माणसं पाठवली, आणि तरीही आमचा मोह तीन ठिकाणी.

आता गार्डविषयी. त्याचा हुद्दा बीट ऑफिसर, पण गाव त्याला गार्डच म्हणतं. तेलुगू पोरगा, तिशीच्या आतला, मला 'मास्टरसाब' म्हणतो आणि दखनीत बोलतो. त्याच्या फोनमध्ये माझ्याहून जास्त ॲपं. व्याघ्र प्रकल्पांत तर एम-स्ट्राइप्स नावाचं ॲप गस्तीवरच्या माणसाचं पाऊल न् पाऊल नोंदतं. कुठे पगमार्क दिसला, कुठे विष्ठा, कुठे तोडलेला बुंधा, सगळं जागेसकट. वाघांची गणना आता यावर चालते. पूर्वी गार्ड संध्याकाळी वहीत लिहायचा, 'बीट फिरलो, सर्व ठीक.' आता फोनवरची रेषा सांगते तो कुठवर फिरला आणि कुठून परतला. चहाच्या टपरीपाशी त्या रेषेचा सुतळीसारखा गुंता होतो, तोही दिसतो.

पण या रेषेची एक गंमत माझ्याही उपयोगी पडली. माणूस झाडाखाली स्वस्थ बसला तरी फोनची चूक दर सेकंदाला बदलत असते. ठिपका इकडे सरकतो, तिकडे सरकतो आणि फोनला वाटतं माणूस चालतोय. डॉक्टरांनी मला रोज तीन किलोमीटर चालायला सांगितलंय. एके दिवशी मी मोहाखाली टेकलो, डोळा लागला, जाग आली तेव्हा चारशे मीटर चालून झालं होतं. मी ते हिला दाखवलं. ती म्हणाली, "घोरण्याचे वेगळे मोजतं का?"

गार्डची खरी दमछाक होते शिक्क्याच्या फोटोत. रोप लावलं की फोटो. फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. वरून विचारणा होते ती 'लोकेशन आलं का?' अशी. 'रोप आलं का?' असं विचारणारा अजून भेटायचाय. बरं, अक्षांश दशांश चिन्हापुढे सहा आकडे. गणित मास्तराचं आहे, तपासून बघा. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. सहाव्या आकड्यापर्यंत गेलं की ११ सेंटिमीटर येतात, म्हणजे चपलेच्या अर्ध्याहून कमी. पंधरा मीटर चुकणारा फोन अर्ध्या चपलेपर्यंतचा पत्ता लिहून देतो आणि कचेरीला तो पटतो. घाईत बाजारातून येणाऱ्या माणसाला 'किती खर्च झाला?' विचारावं आणि त्याने 'दोन-तीनशे रुपये आणि सदतीस पैसे' म्हणावं, तसं हे.

शिवाय झाडाखाली लोकेशन लवकर येत नाही. मग गार्ड फोन घेऊन मोकळ्या जागेत जातो, वर्तुळ आवळू देतो, शिक्का मारतो. रोप इथे, पत्ता वीस पावलं पलीकडे. मी म्हटलं, "अरे, उद्या कुणी या पत्त्यावर रोप शोधायला आलं तर?" तो म्हणाला, "मास्टरसाब, ढूँढने कौन आता? बकरी आती. उसको लोकेशन नक्को."

आमच्यात दोस्ती झाली ती आगीमुळे. फेब्रुवारी ते मे आमच्या जंगलाला आगीचं भय. सागाचा पाला गुडघाभर साचतो आणि त्याला एक विडी पुरते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगी टिपते आणि मोबाइलवर मेसेज पाठवते. नाव कुणालाही नोंदवता येतं, मी नोंदवलं. एका दुपारी मेसेज आला: आपल्या भागात आग. सोबत अक्षांश-रेखांश. गार्डच्या फोनवरही तोच. तो, मी आणि पटेलचा मुलगा निघालो.

फोन माणसाला सरळ रेषेत ओढतो. त्याला मधला नाला दिसत नाही, घाणेरीची जाळी दिसत नाही आणि माझे गुडघे तर मुळीच दिसत नाहीत. नाला उतरलो, चढलो, पुन्हा तोच नाला दुसऱ्या वळणावर उतरलो. तास-सव्वा तासाने फोनने सांगितलं, शून्य मीटर, पोचलात. समोर एक काळा खडक. त्यावर एक सरडा. सरडा पेटलेला नव्हता.

तेव्हा गार्डने सांगितलं की उपग्रहाचा तो ठिपका म्हणजे मुळात ३७५ मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनाचा मध्य. मी तिथेच हिशेब केला. चौदा हेक्टर, म्हणजे पस्तीस एकर. बातमी खरी, पण पत्ता पस्तीस एकरांचा. 'पुण्यात एका घरात दूध उतू गेलं आहे, जाऊन बघा,' अशातला प्रकार.

मग वास आला. वासाला अक्षांश नसतो, पण दिशा असते. वासामागे चालत चालत आम्ही जिथे पोचलो तिथून निघालो होतो. आमचाच मोह. त्याच्याखाली पटेलीण बसलेली, बाजूला दोन सुना, हातात हिरव्या डहाळ्या, तोंडं काजळलेली. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून खालचा पाला जाळायची जुनी रीत. त्या दिवशी वारा सुटला आणि उतारावरचं अर्धा एकर गवत गेलं.

आमच्याकडे बघून ती म्हणाली, "तुमी कोनाले धुंडून राह्यले?"

"आगीला," मी म्हणालो.

"थे त मी कवाचीच विझवली."

उपग्रह नेहमी दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला इथून जातो. वर तो होता, खाली तिघी बायका होत्या, आणि आम्ही तिघं पुरुष फोन घेऊन सरड्याकडे गेलो होतो. गार्डने डोक्याला हात लावला. दंडाची भाषा करायला त्याने तोंड उघडलं, मग सुनांच्या भाजलेल्या पोटऱ्या पाहिल्या आणि मिटलं. पाला जाळला की पाल्यासोबत सागाची, मोहाची सगळी नवी रोपंही जातात, हे त्याने पटेलिणीला समजावलं. ती म्हणाली, "मले मालूम हाये. पन फुलं वेचाले दुसरं काय करू?" उत्तर आमच्या हिने दिलं. घरी गेली आणि दोन जुन्या नऊवार घेऊन आली. मोहाखाली अंथरल्या. पहाटे फुलं लुगड्यावर पडतात, चार कोपरे धरून उचलली की झालं. जाळायची गरज नाही. या वर्षात जंगलासाठी जेवढं काही स्वस्त तंत्रज्ञान आम्ही वापरलं, त्यात हे एकच पहिल्या दिवसापासून बिनचूक चाललं.

चुकीचा पत्ता देणं ही फक्त फोनची खासियत आहे असं मात्र समजू नका. आमच्या मुलखात सरकारांनाही ती साधलेली आहे. चंद्रपूरचा जिवती तालुका आणि इकडचा केरामेरी मंडल यांच्या मधे परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा अशी डझनभर गावं आहेत. २०१६ मध्ये आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले, तोवर ती बाजू आदिलाबादेतच होती. ही गावं महाराष्ट्र म्हणतो माझी, तेलंगणा म्हणतो माझी. तिथल्या माणसाकडे दोन रेशनकार्डं, गावात दोन भाषांच्या शाळा, दोन राज्यांच्या मतदार याद्यांत नावं. फोनचं वर्तुळ पंधरा मीटरचं; हे वर्तुळ डझनभर गावांचं, आणि त्याचा रंगही दिसत नाही. तिथे फोन उघडला की एक पाऊल इकडे टाकलं तर स्वागताचा एक मेसेज आणि तिकडे टाकलं तर दुसरा. एवढं स्वागत जावयाचंही होत नाही.

वाघ शहाणा. तो मेसेज वाचत नाही. नदीपलीकडे टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथल्या टी१सी१ नावाच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत जीपीएसचा पट्टा बांधला. जूनमध्ये गडी घर सोडून निघाला. यवतमाळ, आमचा आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटर. कापसाच्या शेतांतून, नाल्यांतून, हमरस्ते ओलांडत. पुढेही फिरतच राहिला आणि नऊ महिन्यांत त्याची एकूण चाल तीन हजारांवर गेली. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिलं. त्याच्या गळ्यातला फोन आठ हजारांचा नव्हता, पण खरा फरक वेगळाच आहे. पट्टा त्याच्या गळ्यात होता आणि पडद्याकडे माणसं बघत होती. पडदा त्याच्या हातात दिला असता तर तोही आमच्यासारखा त्याच नाल्यात दोनदा उतरला असता.

असो. झाडाकडे परत येऊ. या मार्चमध्ये फुलं यायच्या आधी तंटा मिटवायचा असं ठरलं. आम्ही सगळे मोहाखाली बसलो. गार्ड म्हणाला, फोन राहू द्या, हद्दीवर निजामाच्या काळचा दगडी मुनारा होता, तो शोधू. पटेल छातीवर हात ठेवून म्हणाला, "मुनारा थ्या सागाले लागून होता. मी लहानपनी त्याच्यावर बसो." पटेलीण म्हणाली, "काई नाही. थो नाल्याच्या आंगानं होता." मला पक्कं आठवत होतं की तो माझ्या विहिरीच्या वाटेवर होता. गार्डकडे एक जुना कागद होता, त्यावर चौथी जागा होती. चौघंही शपथेवर सांगायला तयार. कुणाच्याही भोवती निळं वर्तुळ नव्हतं.

पटेलच्या मुलाने तेवढ्यात एक काम केलं. तिन्ही फोन घेतले, झाडाला टेकवून पंधरा मिनिटं तसेच ठेवले आणि मग तिघांच्या पडद्यांवरची वर्तुळं एका कागदावर काढली. एकमेकांवर चढलेली तीन वर्तुळं, आणि मधे सगळ्यांत येणारा एक तुकडा. म्हणाला, "हितं कुदळ मारून पाहू." पाला सारला, मारली. हातभर खोलीवर दगड लागले. मुनाऱ्याचा पाया. सागाला लागून नव्हता, नाल्याकडे नव्हता, विहिरीकडे नव्हता, कागदावरच्या जागीही नव्हता. होता मोहाच्या मुळांत. झाड वाढता वाढता हद्दीवरच बसलं होतं. अर्धं आत, अर्धं बाहेर.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग गार्डनेच सांगितलं की झाड कुठेही असो, वनहक्क कायद्याने मोहाची फुलं वेचायचा, विकायचा हक्क जंगलातल्या आदिवासीला आहेच. तंटा फुलांचा कधीच नव्हता, रेषेचा होता. मग रेषेचंही आम्ही मिटवलं. मुनाऱ्यापासून इकडे पंधरा पावलं आणि तिकडे पंधरा पावलं कुणी नांगर घालायचा नाही, कुणी खड्डे खणायचे नाहीत. फोनला जेवढं माहीत नाही, तेवढी जागा मोकळी. पटेलच्या मुलाने ॲपमध्ये त्या पट्ट्याला नाव दिलंय 'चूक'. यंदा तिथे गवत दाट आलंय आणि मोहाची चार रोपंही दिसतात. आमच्या सागापेक्षा जोमदार आहेत, हे मी हिला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी गार्ड म्हणाला, "मास्टरसाब, समझौते का फोटो होना." वरती पाठवायला. आम्ही तिघं मोहाखाली उभे राहिलो, पायाशी लुगडी, लुगड्यांवर पिवळी फुलं. पटेलीण म्हणाली, मीही येते, आग मीच विझवली होती. चौघं झालो. पटेलच्या मुलाने फोटो काढला. तारीख आली, वेळ आली, सहा आकड्यांचे अक्षांश-रेखांश आले, आणि खाली ठळक अक्षरांत गावाचं नाव आलं. नदीपलीकडच्या गावाचं. जिल्हा यवतमाळ, महाराष्ट्र.

गार्डचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा काढला. पुन्हा यवतमाळ.

पटेलने फोन हातात घेतला, लांब धरून बघितला आणि गार्डकडे वळला. "सायेब, काई हरकत नाही. झाड तिकडं गेलं त जाऊ द्या. पन मंग तिकडचं एक रेशनकार्डबी लावून द्या म्हना."